आडनावात अपॉस्ट्रॉफी आली की क्वेरी फुटते: पुन्हा पुन्हा येणाऱ्या एरर १०६४ चा माग

सभासद नोंदणीचा फॉर्म दिवसभर नीट चालतो. पाटील, वर्तक, म्हात्रे, परेरा, लोपीस अशी सगळी आडनावं टेबलात जाऊन बसतात. मग काउंटरवर कोणी डि'मेलो किंवा डि'सोझा येतं, क्लार्क ‘जतन करा’ दाबते आणि पडद्यावर लाल चौकट उमटते:

यू हॅव ॲन एरर इन युवर एसक्यूएल सिंटॅक्स, चेक द मॅन्युअल दॅट करस्पॉन्ड्स टू युवर मारियाडीबी सर्व्हर व्हर्जन फॉर द राइट सिंटॅक्स टू यूज नियर 'मेलो', 'निर्मळ')' ॲट लाइन १

हाच तो एरर १०६४: डेटाबेसला एसक्यूएल भाषेत पाठवलेली आज्ञा, म्हणजे क्वेरी, व्याकरणात बसत नाही. वसई तालुक्यातल्या एका पतसंस्थेचं वेब ॲप्लिकेशन मी सांभाळतो. साइटची भाषा पीएचपी, डेटाबेस मारियाडीबी (मायएसक्यूएलचाच भाऊबंद), कोड जुना, मूळ लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला. हा एरर माझ्याकडून तीन वेळा ‘दुरुस्त’ झाला आणि चौथ्यांदा परत आला. तो परत का आला आणि शेवटी कसा गेला, ते इथे लिहितो. तुमचं ॲप शाळेचं असो, वाचनालयाचं असो की दुकानाचं, दुखणं बहुधा याच जातीचं असेल.

एक सूचना आधीच. वाचायला सोपं जावं म्हणून मी क्वेरी आणि कोडसुद्धा देवनागरीत लिहितोय. टाइप करताना ते अर्थातच रोमन लिपीत करायचं.

वसईत ही आडनावं अपवाद नाहीत. निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल या पट्ट्यात घरोघरी सापडतील. आपण मराठीत लिहितो तेव्हा ती मधली खूण बहुतेक वेळा गळून जाते. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. मराठीत आपण दिब्रिटो असं सलग लिहितो, रोमनमध्ये मात्र डी आणि ब्रिटो यांच्यामध्ये अपॉस्ट्रॉफी असते. म्हणून फॉर्म मराठीत भरला तर काही होत नाही, आणि इंग्रजीत भरला की क्वेरी फुटते. आम्हाला सुरुवातीला हा भाषेचा किंवा फॉन्टचा प्रश्न वाटला, आणि त्यात दोन दिवस गेले.

एकदा मी काउंटरच्या आत बसून फॉर्म पाहत होतो. समोर सत्तरीतल्या एक बाई उभ्या होत्या. क्लार्क म्हणाली, ‘आँटी, ती वरची खूण नाही टाकली तर चालेल ना? कॉम्प्युटर घेत नाही.’ त्यांनी पिशवीतून जुनं पासबुक काढलं, आडनावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘अगं, पण माझं नाव असंच आहे.’ त्यांचं अगदी बरोबर होतं. नाव बरोबर होतं, क्वेरी चुकीची होती. या एररवर काम करताना ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, कारण नेटवर सापडणारे अर्धे उपाय नावच बदलायला सांगतात.

संदेश कसा वाचायचा

संदेशातला कामाचा शब्द एकच, ‘नियर’. त्याच्यापुढे जे अवतरणात येतं ते तुमच्या क्वेरीचं शेपूट. सर्व्हर क्वेरी डावीकडून वाचत जातो, जिथे त्याला पुढचा शब्द व्याकरणात बसवता येत नाही तिथे थांबतो आणि तिथून पुढचा मजकूर दाखवतो, तोही जास्तीत जास्त ८० अक्षरं. म्हणजे चूक त्या शेपटाच्या पहिल्या शब्दात असते किंवा त्याच्या लगेच आधी. शेपटात पुढे जे दिसतं त्याच्याशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो. आमच्या संदेशात ‘निर्मळ’ दिसत होतं म्हणून गावांची ड्रॉपडाउन यादी तपासत बसणं व्यर्थ होतं.

दुसरी गफलत अवतरणचिन्हांची. सर्वांत बाहेरची जोडी संदेशाची असते, क्वेरीची नाही. नियर 'मेलो', 'निर्मळ')' यात मेलोच्या आधीचं चिन्ह संदेशाचं आणि मेलोच्या नंतरचं तुमच्या क्वेरीतलं. कागदावर लिहून बाहेरची जोडी खोडून टाका, मग जे उरतं ते वाचा. नियर '' असं रिकामं आलं तर बाहेरची जोडी खोडल्यावर काहीच उरत नाही. म्हणजे क्वेरी अर्धवट संपली, सर्व्हर पुढच्या शब्दाची वाट पाहत होता आणि मजकूरच संपला.

तिसरी, ‘लाइन १’. ही पीएचपी फाइलमधली ओळ नव्हे, क्वेरीतली ओळ. क्वेरी एकाच ओळीत जोडलेली असेल तर नेहमी १ च येणार. नवीन मुलं फाइल उघडून पहिल्या ओळीकडे बघत बसतात, तिथे फक्त पीएचपीचा सुरुवातीचा टॅग असतो.

आता क्वेरी हातात घ्या. कोडमध्ये दिसते ती नव्हे, सर्व्हरपर्यंत पोचते ती. कोडमध्ये $आडनाव असं लिहिलेलं दिसतं आणि ते निर्दोषच दिसतं. क्वेरी चालवायच्या आधीच्या ओळीत एररलॉग फंक्शनने पूर्ण स्ट्रिंग लॉगमध्ये लिहून घ्या. लाइव्ह साइटवर एको करू नका, म्हणजे ती पानावर छापू नका. टेबलांची आणि कॉलमांची नावं कोणालाही दिसतील. कोडला हात लावता येत नसेल तर सर्व्हरवर जनरल लॉग (आलेल्या प्रत्येक क्वेरीची नोंद) थोडा वेळ चालू करता येतो, पण एरर पकडला की लगेच बंद करा, नाहीतर डिस्क भरते. आमच्या लॉगमध्ये हे सापडलं:

इन्सर्ट इन्टू सभासद (आडनाव, गाव) व्हॅल्यूज ('डि'मेलो', 'निर्मळ')

हीच ओळ पीएचपीमायॲडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) चिकटवा. तिथेही तोच एरर आला, तर फॉर्म, ब्राउझर, सेशन, होस्टिंग यांना सोडून द्या. दुखणं याच ओळीत आहे.

आता ती ओळ सर्व्हरसारखी वाचा. पहिलं सिंगल कोट आलं, मजकूर सुरू झाला. डि आलं. दुसरं सिंगल कोट आलं, मजकूर संपला. म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने आडनावाची किंमत (व्हॅल्यू) फक्त डि एवढीच. आता त्याला स्वल्पविराम हवा किंवा कंस बंद व्हायला हवा. त्याऐवजी येतो मेलो. हा ना कॉलम, ना कीवर्ड, ना इथे बसणारं दुसरं काही. तिथेच तो थांबतो आणि ‘नियर मेलो’ म्हणतो. माणूस अपॉस्ट्रॉफी आणि अवतरणचिन्ह वेगळी ओळखतो, कारण त्याला डि'मेलो हे नाव माहीत आहे. सर्व्हरला दोन्ही एकच चिन्ह.

‘पण पूर्वी तर चालत होतं’

हे वाक्य मी संस्थेच्या सचिवांकडून ऐकलं आणि ते खरं होतं. जुन्या पीएचपीमध्ये मॅजिक कोट्स नावाची सोय होती. फॉर्ममधून, यूआरएलमधून किंवा कुकीतून आलेल्या प्रत्येक सिंगल कोटच्या आधी ती आपोआप एक बॅकस्लॅश (उलटी तिरकी रेघ) लावायची, आणि बॅकस्लॅश लावलेलं कोट सर्व्हर मजकुराचाच भाग धरतो. पीएचपी ५.४ मध्ये, २०१२ साली, ही सोय काढून टाकली. पुढे ७.० मध्ये, २०१५ च्या डिसेंबरात, डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शनंही गेली. आमचं होस्टिंग बदललं तेव्हा कोणीतरी सगळ्या फाइलींत मायएसक्यूएल-क्वेरी शोधून त्याजागी जोडणीचं व्हेरिएबल देऊन नवं मायएसक्यूएलआय-क्वेरी घातलं आणि साइट उठून उभी राहिली. गुपचूप मिळणारा बॅकस्लॅश मात्र गेला होता, आणि त्याची जागा कशानेच भरली नव्हती.

त्यात आणखी एक पदर. मायएसक्यूएलआय पीएचपी ८.० पर्यंत क्वेरी फुटली तरी मुकाट्याने फॉल्स परत करायचं. कोडने तो निकाल तपासला नाही तर पुढे ‘नोंद यशस्वी’ असा हिरवा संदेश छापला जायचा आणि टेबलात काहीच नसायचं. नोव्हेंबर २०२१ च्या ८.१ पासून ते थेट एक्सेप्शन फेकतं, म्हणजे एरर देऊन काम थांबवतं. म्हणून अनेकांना वाटतं की पीएचपी अपग्रेड केल्यावर एरर सुरू झाला. तो आधीपासून होता, नोंदी आधीपासून हरवत होत्या. आता तो दिसायला लागला एवढंच. तुमच्याकडे असं झालं असेल तर एरर दाबू नका. अपग्रेडच्या आधीच्या काळातले कागदी फॉर्म काढून टेबलाशी ताडून बघा.

कधी येतो, कधी येत नाही

या एररने मला सर्वांत जास्त छळलं ते इथे. क्लार्कच्या डेस्कटॉपवर डि'मेलो टाकलं की एरर. त्याच बाईंचा मुलगा घरून आयफोनवर फॉर्म भरतो तर नोंद होते. नाव तेच, फॉर्म तोच, सर्व्हर तोच.

फरक खुणेत होता. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोनचा कीबोर्ड सरळ अपॉस्ट्रॉफीच्या जागी आपोआप वळणदार घालतो. वर्डही तेच करतं, म्हणून वर्डमधून कॉपी करून चिकटवलेली नावंही सहीसलामत जातात. ही वळणदार खूण एसक्यूएलच्या लेखी अवतरणचिन्हच नाही, एक साधं अक्षर आहे. क्वेरी फुटत नाही. पण मग टेबलात एका आडनावाची दोन रूपं बसतात, आणि सरळ खुणेने शोध घेतला की वळणदार खुणेचा सभासद सापडत नाही.

क्लार्कनेही तोवर आपले मार्ग शोधले होते. काम अडून चालत नाही, तिला दोष देण्यात अर्थ नाही. कधी खूण गाळायची, कधी तिच्या जागी मोकळी जागा सोडायची, कधी टॅबच्या वरच्या कळीवरचं बॅकटिक टाकायची, कारण ते ‘दिसायला तसंच’ आहे आणि एरर येत नाही. डोळ्यांना हे कळत नाही, म्हणून सर्व्हरला विचारा:

सिलेक्ट आडनाव, हेक्स(आडनाव) फ्रॉम सभासद व्हेअर आडनाव लाइक 'डि%'

हेक्समध्ये, म्हणजे अक्षरांच्या संगणकातल्या आकड्यांत, सरळ अपॉस्ट्रॉफी २७ दिसते, बॅकटिक ६०, बॅकस्लॅश ५सी, मोकळी जागा २० आणि वळणदार खूण ई२ ८० ९९ अशी तीन बाइटांची. आमच्या टेबलात ही सगळी निघाली. शिवाय काही ठिकाणी एचटीएमएलचं रूप सापडलं, ॲम्परसँड, हॅश, ०३९ आणि अर्धविराम, कारण मधल्या काळात कोणीतरी जतन करण्याआधी एचटीएमएलस्पेशलचार्स लावलं होतं. ते फंक्शन पान छापताना वापरायचं असतं, टेबलात घालताना नाही.

जे उपाय करू नयेत

अपॉस्ट्रॉफी गाळून टाकणारा स्ट्रिंग-रिप्लेस. ‘नावात फक्त अक्षरं चालतील’ अशी जावास्क्रिप्टची अट. खुणेच्या जागी आपणच बॅकटिक घालणं. हे तिन्ही मी वेगवेगळ्या ॲपमध्ये पाहिलेत आणि तिन्ही चुकीचे आहेत. पासबुकावर, ठेवपावतीवर, वारसनोंदीवर माणसाचं नाव चुकीचं छापायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. शिवाय जावास्क्रिप्टची अट ब्राउझरमध्ये चालते. ती ओलांडून सर्व्हरला थेट विनंती पाठवणं कोणालाही जमतं, आणि भोक तसंच उघडं राहतं.

हो, भोकच. साधं आडनाव क्वेरी मोडू शकतं याचा अर्थ बाहेरचा मजकूर तुमच्या क्वेरीत आज्ञा म्हणून शिरतोय. आज डि'मेलो शिरलं आणि नुसता एरर आला. उद्या कोणी आडनावाच्या जागी सिंगल कोट टाकून पुढे स्वतःची अट जोडली तर एररही येणार नाही, सगळ्या सभासदांची यादी उघडेल. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. या युक्तीचं वर्णन फ्रॅक या हॅकरांच्या मासिकाच्या १९९८ च्या ५४ व्या अंकात छापून आलं होतं. त्यानंतर १७ वर्षांनी, २०१५ मध्ये, ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीतून याच मार्गाने सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती गेली आणि तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड केला. त्यामुळे हा एरर आला की ‘एका सभासदाचं नाव अडलंय’ असं समजून सोमवारवर ढकलू नका. त्याच दिवशी बघा.

खरा उपाय

प्रिपेअर्ड स्टेटमेंट. क्वेरीचा सांगाडा वेगळा पाठवायचा, किमती वेगळ्या. सांगाड्यात किमतीच्या जागी प्रश्नचिन्ह (पीडीओ हा पीएचपीचा डेटाबेसशी बोलायचा आणखी एक मार्ग):

$स्टेटमेंट = $पीडीओ->प्रिपेअर("इन्सर्ट इन्टू सभासद (आडनाव, गाव) व्हॅल्यूज (?, ?)");
$स्टेटमेंट->एक्झिक्यूट([$आडनाव, $गाव]);

आता आडनावात काहीही असू दे, ते क्वेरीचं व्याकरण बदलू शकत नाही. बॅकस्लॅश लावायची गरज नाही, आणि लावूही नका. लावलात तर तो नावाचा भाग म्हणून जतन होईल. आमच्या टेबलातले ५सी याच घोळातून आलेले होते.

इथे हमखास होणाऱ्या चुका. पहिली, प्रश्नचिन्हाभोवती जुन्या सवयीने सिंगल कोट ठेवणं. '?' हा मग नुसता प्रश्नचिन्ह हा मजकूर होतो, आणि पॅरामीटरची संख्या जुळत नाही असा वेगळाच एरर येतो. दुसरी, लाइकमध्ये (अर्धवट मजकुरावरून शोधताना) '%?%' लिहिणं. टक्क्याची चिन्हं किमतीला जोडायची, सांगाड्यात फक्त लाइक ? एवढंच. तिसरी चूक खरंच फसवी आहे. याद्यांच्या पानांसाठी लिमिट ?, ? लिहिलं आणि दोन्ही किमती एक्झिक्यूटच्या ॲरेतून दिल्या, की पुन्हा १०६४ येतो, नियर ''०', '१०''. कारण पीडीओ मायएसक्यूएलसाठी मूळ सेटिंगमध्ये प्रिपेअरची नुसती नक्कल करतं आणि ॲरेतली प्रत्येक किंमत मजकूर समजून कोटात घालतं. लिमिटला कोटातला आकडा चालत नाही. बाइंडव्हॅल्यू वापरून किंमत पूर्णांक आहे असं सांगा, किंवा जोडणी करतानाच एम्युलेट-प्रिपेअर्स हे नकलेचं सेटिंग बंद करा. मी नेहमी बंदच करतो.

प्रश्नचिन्हाच्या जागी फक्त किंमत बसते. टेबलाचं किंवा कॉलमचं नाव बसत नाही. यादी कोणत्या कॉलमने लावायची हे यूआरएलमधून येत असेल, तर कोडमध्येच परवानगी असलेल्या कॉलमांची यादी ठेवा आणि आलेलं नाव त्यात असेल तरच वापरा.

मग परत का आला

नोंदणीचा फॉर्म दुरुस्त झाला. डि'मेलो टेबलात सरळ, स्वच्छ बसलं. दोन महिन्यांनी लाभांशाची नोंद घालताना तोच एरर.

लाभांशाचा कोड सभासदांची यादी टेबलातून वाचत होता आणि प्रत्येकासाठी दुसऱ्या टेबलात एक नोंद जोडत होता, तीही स्ट्रिंग चिकटवून. मूळ लिहिणाऱ्याचा हिशेब असा असावा की फॉर्ममधून येतं ते धोक्याचं, आपल्याच टेबलातून आलेलं सुरक्षित. पण टेबलात आता खरं नाव होतं, खरी अपॉस्ट्रॉफी होती. पहिल्या फॉर्मची दुरुस्ती बरोबर झाली म्हणूनच हे दुसरं दार मोडलं. मॅजिक कोट्सच्या जमान्यातही हे दार उघडंच होतं, कारण ती सोय टेबलातून वाचलेल्या मजकुराला हात लावत नव्हती.

आणि नुकसान एका नावाचं झालं नाही. यादी आडनावाच्या क्रमाने होती. पहिल्या डि' पाशी कोड थांबला आणि पुढच्या सगळ्यांच्या नोंदी राहिल्या. आधीच्यांच्या झालेल्या होत्या. कोड पुन्हा चालवला असता तर त्यांच्या दोनदा झाल्या असत्या. म्हणून अशा एकगठ्ठा कामाला ट्रान्झॅक्शन लावा: सुरुवातीला बिगिन, सगळं नीट झालं तर कमिट, एकही क्वेरी फुटली तर रोलबॅक. टेबल इनोडीबी प्रकारचं आहे ना, हे आधी पाहा. जुन्या मायआयसॅम टेबलांवर रोलबॅकचा काही परिणाम होत नाही.

त्या दिवशी मी एकेक फॉर्म दुरुस्त करणं सोडलं आणि सगळ्या कोडवर ग्रेप (फाइलींत शब्द शोधणारी आज्ञा) चालवला. मायएसक्यूएलआय-क्वेरी आणि ->क्वेरी( हे शब्द शोधले आणि ज्या ज्या ओळीत क्वेरीच्या स्ट्रिंगमध्ये डॉलरचं चिन्ह होतं, ती वहीत उतरवली. पावती, शोध, कर्जाचा अर्ज, वारसनोंद, एसएमएसचा लॉग, अगदी ‘कोणी लॉगिन केलं’ याची नोंदसुद्धा. त्रेचाळीस जागा. एक आठवडा लागला. क्वेरी आधी एका व्हेरिएबलमध्ये जोडून मग चालवली असेल तर ती या शोधात निसटते, म्हणून इन्सर्ट इन्टू, अपडेट आणि व्हेअर या शब्दांवरही एक फेरी मारा.

१०६४ ची इतर कारणं, थोडक्यात

तुमच्या संदेशात नावाचा तुकडा दिसत नसेल तर कारण वेगळं आहे.

नियर '' किंवा नियर 'ऑर्डर बाय...' आलं तर बहुधा एखादी किंमत रिकामी आली: व्हेअर आयडी = आणि पुढे काहीच नाही. यूआरएलमध्ये आयडी आलाय का ते तपासा. नियर ')' आलं तर इनच्या कंसात काही नाही, कोणतीही चौकट न निवडता फॉर्म पाठवला की हे होतं. ॲरे रिकामा असेल तर क्वेरी चालवूच नका.

क्वेरी काल चालत होती, सर्व्हर बदलला आणि आज फुटली, तर राखीव शब्द पाहा, म्हणजे एसक्यूएलने स्वतःसाठी ठेवलेले शब्द. मायएसक्यूएल ८.० मध्ये रँक, ग्रुप्स, सिस्टम असे काही शब्द नव्याने राखीव झाले. बचत गटांच्या ॲपमध्ये टेबलाचं नाव ग्रुप्स असणं किती साहजिक आहे! ५.७ वर ते वर्षानुवर्षं चाललं. ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, अनेक होस्टिंगवाल्यांनी सर्व्हर ८.० वर नेले आणि अशा टेबलांच्या क्वेरी फुटल्या. नावाभोवती बॅकटिक लावा. बॅकटिकची खरी जागा ही. सिंगल कोट लावलं तर टेबलाचं नाव मजकूर होतं आणि पुन्हा १०६४.

व्हॉट्सॲपवरून किंवा एखाद्या पानावरून कॉपी केलेली क्वेरी अगदी पहिल्या शब्दापासून ‘नियर’ दाखवत असेल, तर त्यात न तुटणारी मोकळी जागा घुसली असण्याची शक्यता मोठी. ती दिसते साध्या जागेसारखी, सर्व्हर मात्र तिला शब्दाचाच भाग मानतो. ती क्वेरी हाताने पुन्हा टाइप करणं सर्वांत लवकर होतं.

मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी एक शेजारचा एरर. कोणी सभासद क्रमांक देवनागरी आकड्यांत भरला आणि क्वेरीत तो कोटाशिवाय गेला, व्हेअर आयडी = १२, तर १०६४ येत नाही, १०५४ येतो: अननोन कॉलम '१२'. एसक्यूएलमध्ये देवनागरी आकडा हा आकडा नसतो, नाव असतं. फॉर्म घेतानाच दहाही देवनागरी आकडे रोमन आकड्यांत बदलून घ्या. लोकांना ‘इंग्रजीत आकडे भरा’ म्हणून परत पाठवू नका.

साठलेली नावं दुरुस्त करताना

कोड बरोबर झाला तरी टेबलात नावांची पाच-सहा रूपं पडलेली असतात. बॅकस्लॅश आणि एचटीएमएलचे तुकडे बिनधास्त काढा. कोणाच्याही आडनावात ते नसतात. आधी टेबलाची प्रत ठेवा, अपडेटच्या आधी त्याच अटीने सिलेक्ट चालवून ओळी डोळ्यांखालून घाला. बॅकटिक आणि वळणदार खुणेच्या जागी सरळ अपॉस्ट्रॉफी घालायलाही हरकत नाही.

पण खूण नसलेली सगळी डिमेलो एका अपडेटने डि'मेलो करून टाकायचा मोह टाळा. काही घरं खरोखरच सलग लिहितात, काही डी आणि ई लावून मध्ये जागा सोडतात, आणि एकाच गावात, कधी एकाच घरात, दोन्ही असतात. टेबलाला यातलं कुठलं खरं हे ठरवता येत नाही. आम्ही संशयित नावांची यादी छापली आणि क्लार्क व मी मिळून रोज दुपारी गर्दी ओसरली की कपाटातले मूळ अर्ज काढून एकेक नाव सहीशी ताडलं. अर्जावर नीट दिसलं नाही तिथे फोन केला. पासबुक दाखवणाऱ्या त्या बाईंचा अर्ज १९८० च्या दशकातला निघाला, निळ्या शाईत, डीनंतर ठसठशीत अपॉस्ट्रॉफी. त्यांचं पासबुक नवीन छापलं, ठेवपावतीही नवीन दिली.